चार पायांचे लाभार्थी

२०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. २०२५च्या नोव्हेंबरात ग्लासगोला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आता देशाला चिरस्थायी लाभ होणार आहेत. रोजगार वाढणार, पर्यटन वाढणार, पोरं मोबाइल टाकून मैदानावर धावत सुटणार.

काही खवचट मंडळी म्हणतात की, ज्या स्पर्धा घ्यायला जगात कुणी पुढे येत नाही त्याच आपल्या गळ्यात पडतात. २०२२च्या डर्बनला झेपल्या नाहीत. २०२६च्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतल्या आणि खर्चाचा आकडा फुगलेला बघून २०२३ मध्ये हात वर केले. आमच्या मते हा व्हिक्टोरियाचा निव्वळ पोरकटपणा झाला. आकडा स्पर्धेच्या आधी कोण बघतं? तो नंतर बघायचा असतो, कॅगच्या अहवालात.

२०१०च्या स्पर्धांचं दिल्लीनं कसं केलं बघा. २००३ साली जमैकात मतदान होतं. आपण प्रत्येक सदस्य देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी म्हणून एक लाख डॉलर देऊ केले आणि कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी लोळवलं. त्या स्पर्धेतला भारताचा हा पहिला विजय, तोही एकाही खेळाडूला घाम न फोडता. तेव्हाचा अंदाज होता साधारण १,२०० कोटींचा. २०११ मध्ये कॅगनं मांडलेली बेरीज १८,५३२ कोटींची, आणि त्यात विमानतळ व मेट्रोवरचा खर्च धरलेलाच नाही. पंधरा पटींची ही झेप आपल्या कुठल्याही लांबउडीपटूला अजून जमलेली नाही.

आयोजन समितीचे अध्यक्ष आमच्या पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी, म्हणून पुणेकरांचा ऊर त्या काळात दोन कारणांनी भरून येई. आधी अभिमानानं आणि मग टीव्ही लावल्यावर. ट्रेडमिल ४५ दिवसांसाठी पावणेदहा लाख रुपये भाड्यानं, टॉयलेट पेपरचा रोल चार हजारांच्या घरात, अशा बातम्या रोज. २०११ मध्ये कलमाडींना अटक झाली, २०१२ मध्ये जामीन मिळाला, आणि मनी लॉण्डरिंगच्या प्रकरणात ईडीनं दिलेला क्लोजर रिपोर्ट २०२५च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं स्वीकारला. थोडक्यात, गदारोळ झाला, प्रकरण पंधरा वर्षं चाललं, आणि अखेरीस मनी लॉण्डरिंग काही सापडलं नाही. एवढी पदभ्रमंती पालखीलाही लागत नाही.

पण आपण लाभांबद्दल बोलत होतो. चिरस्थायी लाभ ज्यांच्या पदरात खरोखर पडले, असा एकच समाज आम्हाला सापडला. दिल्लीतले कुत्रे.

स्पर्धेच्या तोंडावर, २०१०च्या सप्टेंबरात, परदेशी पथकं क्रीडाग्राम बघायला आली तेव्हा खेळाडूंच्या गाद्यांवर कुत्र्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले होते. आयोजन समितीच्या सरचिटणीसांनी तेव्हा समजावलं होतं की, स्वच्छतेच्या त्यांच्या आणि आपल्या कल्पना वेगळ्या असू शकतात. त्याच आठवड्यात नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळून २७ मजूर जखमी झाले. त्यांच्याबद्दल मात्र आपल्या कल्पना वेगळ्या आहेत, असं सांगायला कुणी पुढे आलं नाही. माकडं हाकलायला लंगूर नेमले होते, तेही पगारी. कुत्रे तेवढे विनावेतन राहिले.

पुढे २०२२. त्यागराज स्टेडियम हे राष्ट्रकुलासाठी बांधलेलं. तिथल्या खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची तक्रार अशी की, संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना बाहेर काढतात, कारण नंतर एका आयएएस अधिकाऱ्यांचा कुत्रा ट्रॅकवर फिरायला येतो. अधिकाऱ्यांनी इन्कार केला. बोभाटा झाल्यावर त्यांची बदली लडाखला आणि त्याच सेवेतल्या पत्नीची अरुणाचलला झाली. कुत्र्यावर कारवाई झाल्याचं ऐकिवात नाही. होऊही नये. त्यानं ट्रॅकचा वापर तरी केला. (आम्हा पुणेकरांची तऱ्हा निराळी. बालेवाडी स्टेडियमच्या धावपट्टीवर २०२१ साली पुढाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.)

आणि २०२५चा ऑक्टोबर. नेहरू स्टेडियमवर जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना केनियाच्या आणि जपानच्या प्रशिक्षकांना भटक्या कुत्र्यांनी चावे घेतले. पंधरा वर्षांत गादीवरून थेट पोटरीपर्यंत प्रगती! पुढच्याच महिन्यात बातमी आली की, राष्ट्रकुलासाठी ९६१ कोटी खर्चून नूतनीकरण केलेलं हे स्टेडियम पाडून तिथे १०२ एकरांवर क्रीडानगरी उभारणार. म्हणजे वारशातलं स्टेडियम जाणार, कुत्रे राहणार.

माणसांच्या वाट्याला काहीच आलं नाही असं मात्र नाही. २०१०च्या स्पर्धेपायी भिकाऱ्यांसाठी दिल्लीत फिरती न्यायालयं आली, न्याय अगदी दारात. झोपडपट्ट्यांना पाहुण्यांची दृष्ट लागू नये म्हणून आडोसे उभे राहिले. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेल्या निधीतले शेकडो कोटी स्पर्धेकडे वळवले गेले, आणि हे गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्यही केलं. ज्यांना स्टेडियमचं तिकीट परवडत नव्हतं त्यांचाही स्पर्धेत असा भरघोस सहभाग राहिला.

खेळ झाले, ते राहिलंच. भारताला १०१ पदकं, त्यांतली ३८ सोन्याची, ऑस्ट्रेलियाखालोखाल दुसरा नंबर. हॉकीच्या अंतिम सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियानं ८-० असं धुतलं, ते सोडा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, लहानपणी अनवाणी धावलेली कविता राऊत दहा हजार मीटरमध्ये तिसरी आली. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. पुढे शासकीय नोकरीसाठी तिला वर्षानुवर्षं सरकारदरबारी दाद मागावी लागली. शर्यतीला मिनिटं लागली होती, फाइलीला वर्षं लागली.

अहमदाबादची तयारी मात्र दिल्लीहून सरस आहे. २०२० मध्ये ट्रम्पसाहेब यायचे होते तेव्हा विमानतळाच्या रस्त्यालगतच्या झोपडपट्टीपुढे तिथे भिंत घातली होती. त्यामुळे खर्चाचा तेवढा भाग आधीच झालेला आहे.

अहमदाबादकरांना एवढीच विनंती. स्पर्धेच्या खर्चाचा पहिला अंदाज ज्या दिवशी पेपरात छापून येईल, तो पेपर रद्दीत देऊ नका. २०३१ मध्ये लागेल.