दोन्ही हात मोकळे

गिटारवाला बोटांच्या घट्ट्यांवरून ओळखावा, तबलजी तळहाताला लागलेल्या पावडरीवरून. गिटार वाजवता वाजवता माउथ ऑर्गनही वाजवणारा माणूस ओळखायचा असेल तर मात्र त्याची कॉलर जराशी बाजूला करावी लागते. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल वळ दिसतो. हा वळ गळ्यात अडकवायच्या स्टँडचा. वळ जुना असला तर माणूस सराईत, आणि वळावर ताजी बँडेजपट्टी असली तर घरात नवा स्टँड आलेला आहे असं समजावं.

हे गृहस्थ साधारण पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार वाजवलेली असते आणि त्याचा एक धूसर फोटो असतो. मग लग्न, हप्ते, मुलांच्या शाळा. घराचं कर्ज आटोक्यात आलं की गिटार माळ्यावरून खाली उतरते आणि गृहस्थांना ग्रुप काढावासा वाटतो. तबला वाजवणारा मित्र 'येतोच' म्हणतो आणि येत नाही. गाणाऱ्या वहिनींची नेमकी रविवारीच भिशी असते. बासरीवाला वेळेवर येतो, पण आधी चहा घेतो, मग राजकारण काढतो आणि मग घड्याळ बघतो. असे काही रविवार वाया गेले की गृहस्थ निर्णय घेतात. मराठी माणसाचं चार जणांशी पटलं नाही की तो दुसरं मंडळ काढतो. यांनी काढलेल्या मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि वादक सगळे हेच. आता अडचण एकच उरते. गिटारला दोन हात लागतात आणि माउथ ऑर्गनलाही लागतात. तेव्हा स्टँड हवा.

स्टँडची थोर परंपरा ते आपण न विचारता सांगतात. पहिलं नाव अर्थातच बॉब डिलनचं. '१९६२ ची पहिली तबकडी ऐका. गिटार, गळा आणि माउथ ऑर्गन, तिन्ही एकाच माणसाचं!' २०१६ साली डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच वाद झाला. यांच्या मते तो सगळा गैरसमज होता. अर्धं नोबेल स्टँडचं होतं, फक्त समितीने तसं लिहिलं नाही. मग नील यंग येतो, ब्लूज गाणारा जिमी रीड येतो. पण डोळे पाणावतात ते जेसी फुलरच्या नावाने. १८९६ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जन्मलेल्या या माणसाने पायाने वाजवायचं एक बेस वाद्य स्वतः बनवलं आणि त्याला 'फोटडेला' असं नाव दिलं. हातात बारा तारांची गिटार, गळ्यातल्या स्टँडवर माउथ ऑर्गन आणि कझू, एका पायाखाली फोटडेला, दुसऱ्या पायाखाली झांजा. आणि हे सगळं कशामुळे, तर बरोबर वाजवायला भरवशाची माणसं मिळेनात म्हणून.

'बघा,' गृहस्थ म्हणतात, 'त्यालासुद्धा तबलजी मिळत नव्हता.'

आपल्याकडच्या परंपरेचा त्यांना अभिमान आहे, पण तिच्याबद्दल थोडी कीवही वाटते. १९५८ च्या 'सोलवाँ साल'मध्ये वडिलांच्या संगीतात माउथ ऑर्गन वाजवणारा पोरगेला राहुलदेव बर्मन, 'शोले'तला जयचा माउथ ऑर्गन प्रत्यक्षात वाजवणारे भानू गुप्ता, ही नावं त्यांना पाठ आहेत. 'पण हे सगळे हातात धरून वाजवायचे हो! जयचंच बघा. पायरीवर बसून दोन्ही हात अडकवून बसलाय. स्टँड असता तर एका हातात बंदूक राहिली असती. शेवट वेगळा झाला असता सिनेमाचा.'

त्यांचा पहिला स्टँड घरगुती असतो. लाँड्रीतून आलेला तारेचा हँगर पकडीने वाकवायचा, मानेवर बसेल असा कमानदार करायचा आणि पुढच्या दोन टोकांत रबरबँडने माउथ ऑर्गन बसवायचा. दिसायला ठीक दिसतो. अडचण या वाद्याच्या स्वभावात आहे. एकाच भोकात फुंकलं तर एक सूर आणि श्वास आत ओढला तर दुसरा, अशी त्याची रचना. त्यामुळे ओठ वाद्यावर सतत दाबलेले लागतात. ओठ दाबले की तार मागे सरते. तार मागे सरली की वाद्य खाली जातं, आणि वाद्याच्या पाठोपाठ वादक. पहिल्या कडव्याला ताठ उभे असलेले गृहस्थ दुसऱ्या कडव्याला मान लववतात आणि तिसऱ्याला त्यांची हनुवटी गिटारवर टेकते. सोसायटीच्या कोजागिरीला त्यांनी याच अवस्थेत गाणं संपवलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजींनी भक्तिभावाने हात जोडले होते.

दुसरा स्टँड विकतचा. चकचकीत, हलका, दोन बाजूंना बोटांनी पिळायचे पंखवाले नट. हे नट वाजवता वाजवता सैल होतात, म्हणून गृहस्थ ते पकडीने आवळतात. मग आटे जातात, आणि मग गृहस्थ तिसऱ्या स्टँडच्या शोधात निघतात.

ही खरेदी बघण्यासारखी असते. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला किंवा पुण्यात पेठेत, वाद्यांच्या दुकानाचा नियम सारखाच. माउथ ऑर्गन तोंडाला लावून बघता येत नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे आणि दुकानदाराचं बरोबरच आहे. तेव्हा स्टँडची परीक्षा वाद्याशिवाय घ्यायची. गृहस्थ तो गळ्यात घालतात, आरशासमोर उभे राहतात आणि पकड किती घट्ट आहे ते बघायला मान जोरात वर-खाली करतात. दुकानदार तेवढ्यात बिल फाडतो. 'अहो, मी हो नाही म्हटलं!' असं म्हणत ते मग मान डावी-उजवीकडे हलवून दुसरी चाचणी घेतात, तेव्हा दुकानदार पन्नास रुपये कमी करतो. अशा रीतीने एकही शब्द न बोलता घासाघीस करणारं दुसरं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नसतं.

निवडीचे त्यांचे निकष ऐकावेत. मानेवरचा भाग रुंद आणि गादीचा हवा, नाहीतर वळ उठतात. सांधे असे हवेत की एकदा आवळले की तासभर हलू नयेत. गिटारचा पट्टा आणि स्टँड एकाच खांद्यावर भांडता कामा नयेत. पुढचे हात गिटारच्या लाकडावर आपटता कामा नयेत, कारण तो ठोका माइकमधून तोफेएवढा ऐकू येतो. आणि माउथ ऑर्गन दहा भोकांचाच घ्यायचा. तो जेमतेम चार इंचांचा असतो आणि कुठल्याही स्टँडमध्ये बसतो. आपण लहानपणी जत्रेत घेतलेला दुहेरी भोकांच्या रांगांचा लांबलचक माउथ ऑर्गन बऱ्याच स्टँडमध्ये शिरतच नाही. बाजूला बटण असलेला क्रोमॅटिक तर नकोच. त्याच्यात सगळे कोमल-तीव्र सूर मिळतात, पण बटण दाबायला हात लागतो. 'मग स्टँड कशाला घेतला?' हा प्रश्न ते इतक्या तडफेने विचारतात की आपणच तो घेतला होता असं वाटायला लागतं.

दहा भोकांचा एक माउथ ऑर्गन एकाच पट्टीचा असतो, हे त्यांच्या घरच्यांना फार उशिरा कळतं. म्हणजे पट्ट्या बारा तर माउथ ऑर्गन बारा. त्यात पुन्हा ब्लूजवाल्यांची रीत अशी की गाणं जी पट्टीत असेल तर माउथ ऑर्गन सी चा घ्यायचा. त्यामुळे श्वास आत ओढताना मिळणारे सूर गाण्याचे मुख्य सूर होतात आणि ते वाकवता येतात. हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, 'म्हणजे जी चं गाणं असताना जी चा लागत नाही. मग तो का आणला?'

पट्टीचा खरा प्रश्न मात्र भजनी मंडळात उभा राहतो. गृहस्थ साथीला बसलेले असतात. गळ्यात सी, म्हणजे आपली पांढरी एक. काकू पेटीवाल्याला सांगतात, 'काळी पाचला घे रे, आज घसा जड आहे.' काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. गृहस्थ कमरेच्या पाऊचमधून बी फ्लॅट शोधतात, नट सैल करतात, सी काढतात, बी फ्लॅट बसवतात, नट आवळतात, आणि पहिली फुंकर मारतात तेव्हा प्रसाद वाटून चाललेला असतो.

म्हणूनच पुढचा स्टँड लोहचुंबकाचा. वाद्य नुसतं समोर धरायचं, खट् करून चिकटतं. पट्टी बदलायला क्षणही लागत नाही. मात्र वाद्याचं आवरण चुंबकाला चिकटणाऱ्या धातूचं हवं, हे घरी आल्यावर लक्षात येतं. त्यांच्या सर्वांत महागड्या माउथ ऑर्गनचं आवरण तसं नसतं. बाकी सगळं चिकटतं. ऑफिसच्या टाचण्या, बायकोच्या केसांचे आकडे, कपाटाची किल्ली. घरात हरवलेली वस्तू शोधायला आताशा आधी बाबांचा गळा बघतात.

ट्रॉसिंगेनच्या होनर कंपनीबद्दल त्यांना कुळाचा असावा तसा आदर आहे. माटियास होनर या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गन करायला घेतले. 'घड्याळजी! म्हणजे वेळ पाळणारा माणूस,' असं म्हणून ते तबलजीच्या फोटोकडे बघतात.

स्टँडमुळे जातं काय, हे ते सहसा सांगत नाहीत. माउथ ऑर्गनचा निम्मा जीव हातांत असतो. दोन तळव्यांची ओंजळ वाद्याभोवती मिटायची आणि उघडायची, की सूर रडतो, हसतो, लांबून आल्यासारखा वाटतो. स्टँडवर चढलं की वाद्य उघडं पडतं, आणि एकाच रंगात वाजतं. शिवाय तोंडासमोर पत्र्याची पट्टी आल्याने गिटारचे पडदे दिसत नाहीत. मिशीचे केस वाद्याच्या फटीत अडकतात, म्हणून मिशी गेली. वडिलांसारखी वाढवलेली होती. शिंक आली तर आख्खा कॉर्ड वाजतो. पण या सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर आहे, 'दोन्ही हात मोकळे राहतात ना!'

यंदाच्या गणपतीत मी हे मोकळे हात जवळून पाहिले. गळ्यात स्टँड, खांद्यावर गिटार, उजव्या पायात घुंगरू, डाव्या बुटाला बांधलेलं टॅम्बोरिन. पट्टा वर आणि स्टँड आत हवा, म्हणून एकाने गिटार धरली. एकाने मागून कॉलर सरळ केली. एकाने नट आवळला. गाण्याचा आणि माउथ ऑर्गनचा आवाज एकाच माइकात यावा म्हणून एक जण माइक बोटबोट वर-खाली करत राहिला. चष्मा घसरला तो एका मुलीने वर ढकलला. शब्दांची वही धरायला एक जण बसलाच. एका माणसाचे दोन हात मोकळे ठेवायला सहा माणसांचे बारा हात गुंतले होते. तेवढ्या माणसांत चांगला बेंजो ग्रुप झाला असता.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर डावा नट सुटला आणि सतरंजीखाली गेला. स्टँड एका बाजूला कलंडला. हात गिटारवर, पाय घुंगरात, गृहस्थ हतबल. इतक्यात पाणी द्यायला उभा असलेला तळमजल्यावरचा नववीतला पोरगा पुढे झाला, त्याने माउथ ऑर्गन काढून घेतला आणि दोन बोटांत धरून त्यांच्या ओठांसमोर आणला. गाणं पुढे सुरू झालं. गृहस्थांनी गायला मान बाजूला केली की पोरगा हात मागे घ्यायचा, मान वळली की पुढे आणायचा. मोकळ्या हाताची ओंजळ त्याने वाद्याभोवती मिटली-उघडली, तसा सूर एकदम बोलायला लागला. तिसऱ्या गाण्याला त्याने न सांगता पाऊचमधून बरोबर पट्टीचा माउथ ऑर्गन काढला. टाळ्या पडल्या त्या बहुतेक त्याच्याच होत्या.

कार्यक्रमानंतर मी विचारलं, 'काय, सापडला ना शेवटी स्टँड?'

विनोद त्यांना कळला नाही. त्यांनी गंभीरपणे विचार केला. 'पकड उत्तम. उंची आपोआप जुळते. पट्टी झटकन बदलते. मानेवर वजन शून्य. गिटारला आपटत नाही.' मग किंचित थांबून म्हणाले, 'दोष दोनच. हसला की सूर हलतो. आणि पुढच्या वर्षी त्याची दहावी आहे.'

'अहो, पण त्याला माउथ ऑर्गनच का नाही देत? तुम्ही गिटार वाजवा, तो तो वाजवेल. चांगला कान आहे पोराला.'

गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू त्यांना मंडळाचं विसर्जन करायला सांगतोय.

'वाजवायला?' ते म्हणाले. 'म्हणजे मग तालमीला त्याच्या क्लासच्या वेळा मी सांभाळायच्या?'