बावीस इंची मस्तक

सुभाषबाबूंच्या तसबिरीतील ती तिरपी लष्करी टोपी आपल्याही मुखमंडलास शोभेल, हा माझा समज तारुण्यापासूनचा. परंतु 1943 साली सिंगापुरात आझाद हिंद सेनेत दाखल झालेल्या आमच्या काकांची तशीच खाकी टोपी काकूंनी पेटीतून काढली आणि कसर लागून तिची चाळण झालेली दिसली, तेव्हा त्या समजास कर्तव्याचे रूप आले, आणि “संध्याकाळपर्यंत हुबेहूब दुसरी शिवून देतो,” अशी हमी मी देऊन बसलो.

डोक्याचा घेर भरला नेमका 22 इंच, आणि येथे मला आवरणे कोणासही शक्य नव्हते. अमेरिकन टोपीवाले माप घेराने नव्हे, व्यासाने सांगतात. 22 इंच घेराचे मस्तक त्यांच्या दप्तरी 7 नंबरचे. म्हणजे पंतोजींनी छडीच्या जोरावर शिकवलेला 22 छेद 7 हा अपूर्णांक मी जन्मभर खांद्यांवर वागवीत होतो आणि माझा मलाच पत्ता नव्हता! (इंग्रज हेच मस्तक एक अष्टमांशाने कमी लेखतात, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.) हे प्रमेय सविस्तर ऐकून घेतल्यावर आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, “माया ठेवलीत का?”

प्रश्न वेदांतातला समजून मी स्मित केले आणि कात्री चालवली.

अकरा-अकरा इंचांच्या दोन बाजू जोडताना प्रत्येक टोकाचा अर्धा इंच शिवणीत गेला, टोपी 20 इंचांची झाली, आणि आरशात ती नारळावर पालथ्या घातलेल्या द्रोणासारखी दिसली.

चूक कोठे झाली ते पाहावे म्हणून काकांची टोपी उलटी केली. आत चांगली पाऊण इंच माया होती, आणि मागच्या शिवणीवर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक हातटाके.

“शेवटच्या आजारात सैल व्हायला लागली,” काकू म्हणाल्या. “झेंडावंदनाला तर ह्यांना जायचंच होतं. खाकी दोरा घरात नव्हता रे.”

त्या दिवसांत मी मुंबईहून ‘लवकरच येतो’ अशी पत्रे धाडीत होतो. दोऱ्याचे एक रीळ धाडणे काही अवघड नव्हते.

माझी टोपी हल्ली नातू घालून हिंडतो. काकांची, डांबराच्या गोळ्यांसह, पुन्हा पेटीत गेली आहे.