टेकडीचे सुधारक

पुण्यात टेकडीवर नुसता फिरायला जाणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. फिरणं हे निमित्त. खरं काम टेकडी सुधारण्याचं.

परंपरा तशी जुनीच. १२ जून १९०५ रोजी नामदार गोखल्यांनी फर्ग्युसनमागच्या टेकडीवर आपल्या तीन सहकाऱ्यांना भारत सेवक समाजाची शपथ दिली. ते देश सुधारायला टेकडीवर गेले होते. आम्ही टेकडीच सुधारायला घेतली आहे. देशाचं मग बघू.

सेनापती बापट रस्त्यापलीकडची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पावसाळ्यात हिरवीगार, दिवाळीनंतर सोनेरी आणि मार्चपासून पार रया गेलेली. ही जागा मूळचीच गवताची आणि पानगळी झाडांची. साळई, धावडा, खैर. गणेर तर सगळी पानं टाकून देतो आणि मग उघड्या काटक्यांवर तळहाताएवढी पिवळीधमक फुलं मिरवतो. पण हे वाळलेपण पुणेकराला बघवत नाही. 'काय ही ओसाडी!' म्हणत तो घरी जातो आणि रविवारी कुदळ, बॅनर आणि भाचेकंपनी घेऊन वर येतो.

अशाच कळवळ्यातून पूर्वी इथे गिरिपुष्प लावलं गेलं. झाड मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं, शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फुलतंही छान गुलाबी. सगळे गुण. फक्त त्याच्या दाटीखाली गवताला डोकं वर काढता येत नाही. आणि ज्या उन्हासाठी त्याला आणलं, ते तापायला लागलं की तेही पानं झाडून मोकळं होतं.

वाटेवर बी गोळा करणाऱ्या मुंग्यांचं एक बीळ आहे. भोवती मातीच्या एकात एक गोल भिंती, बाहेर टरफलांचा ढीग. या मुंग्या गवताचं बी कोठारात भरतात आणि पावसाने भिजलं तर वर आणून उन्हात वाळवतात. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे एकोणिसाव्या शतकात पुण्यातच पाहून लिहून ठेवलंय. आता त्या दारात एक काकू रोज सकाळी साखर घालतात. साखरेवर भलत्याच काळ्या मुंग्या जमतात आणि घरमालकिणी आपापलं बी ओढत वळसा घालून आत जातात.

"काकू, यांच्याकडे वर्षाचं भरलेलं असतं," मी एकदा म्हटलं.

"असेना," काकू म्हणाल्या. "पण गोडाचं काही?"

यावर साइक्ससाहेबांकडेही उत्तर नसतं.

टिटवीचं दुःख वेगळं. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. घर म्हणून दाखवायला काही नाही, हीच तिची सोय. तर एका मंडळाने नेमक्या तिच्या माळावरचे दगड उचलून पायवाटेच्या दुतर्फा मांडले आणि त्यांना चुना फासला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून जीव तोडून ओरडत होती. "बघा, पक्षीसुद्धा कसे खूश झालेत," असं म्हणत एका गृहस्थांनी तिचा व्हिडिओ काढला. तो संध्याकाळपर्यंत मला तीन ग्रुपवर आला, मागे बासरी लावून.

हेच गृहस्थ परवा दगडावर बसून मोज्यांतली कुसळं उपटत होते. कुसळ हा प्रकार मला फार आवडतो, अर्थात दुसऱ्याच्या मोज्यात. टोकाला सुई, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो आणि सुई फिरत फिरत मातीत शिरते. बी आपलं आपण पेरलं जातं. घामेजलेला मोजा त्याला मातीइतकाच चालतो.

"हे गवत काढून इथे लॉन का करत नाहीत?" ते कळवळले. शेजारी सह्यांचा कागद होता. लॉन, बाकं, कारंजं. वेताळबाबाच्या देवळापर्यंत कठडा. वरच्या खाणीच्या पाण्यात बदकं, तीही पांढरी.

"तुमची काही सूचना?" त्यांनी पेन पुढे केलं.

मी म्हटलं, "उन्हाळ्याचे तीन महिने या माळावर कोणी पाऊल ठेवू नये. झाडं लावायलासुद्धा नाही."

मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच कागदावर लिहिलं, 'येथे कोणी येऊ नये. पाट्या, नग सहा.'

"सिमेंटमध्ये पक्क्या बसवू," ते म्हणाले. "खड्डे खणायला रविवारी पन्नास माणसं आणतो. तुम्ही फक्त चहाचं बघा."