व्याकरणातली हिंसा

धारवाडच्या लाइन बाजारात संध्याकाळी गिरमिट खायला जमणाऱ्या आमच्या टोळक्यात एक निवृत्त मराठी मास्तर आहेत. हिंसेला लिंग असतं का, हा वाद त्यांनी व्याकरणानंच मिटवला. हिंसा स्त्रीलिंगी, मारामारी स्त्रीलिंगी, शिवी आणि सुरीही स्त्रीलिंगी. "बघा, सगळ्याचं मूळ तिथंच!" खून पुल्लिंगी आहे, हे मी सांगेपर्यंत मास्तरांनी मिरचीभजी मागवली होती.

2024 साली या कट्ट्याला दोनदा कारणमीमांसा करावी लागली. 18 एप्रिलला हुबळीच्या विद्यानगरात कॉलेजच्या आवारात एमसीएच्या विद्यार्थिनीला भोसकून मारलं. आरोपी मुसलमान आणि धारवाडचं लोकसभेचं मतदान 7 मेला. कारण शोधायला वेळच लागला नाही. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नड्डा तिच्या घरी येऊन गेले, मुख्यमंत्री सिद्धरामय्याही आले, तपास सीआयडीकडे गेला. कट्ट्यावर जो तो धर्मशास्त्राचा पंडित.

मतदान उरकलं. 15 मेच्या पहाटे हुबळीच्याच वीरापूर ओणीत वीस वर्षांच्या मुलीला तिच्या घरातच भोसकलं. या खेपेला आरोपी हिंदू, आडनावही आपल्या ओळखीचं. गिरमिटातल्या शेवेचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता पसरली. मग एकेक कारण निघू लागलं: मोबाईल, सिनेमा, गांजा आणि शेवटी हमखास येणारं, "मुलींनाही कळायला पाहिजे की."

मी म्हटलं, दोन्ही मुलींच्या घरच्यांचं सांगणं एकच आहे, मुलीनं नाही म्हटलं होतं. दोन्हीकडं सुरी तरुण पुरुषाच्याच हातात. मग दोन्ही खुनांत समान काय?

"हुबळी!" मास्तर गरजले. "धारवाडात असलं होत नाही."

हे पुरुषद्वेषाचं बोलणं झालं, असा ठपका माझ्यावर आलाच. बायका काय कमी हिंसक? हुबळीच्या चन्नम्मा सर्कलला जाऊन पुतळा बघा, कित्तूरच्या राणी चन्नम्मानं घोड्यावर बसून तलवार उगारलीय! खरंय. तिच्या कित्तूरकरांनी 1824 साली कंपनीच्या फौजेला पाणी पाजलं, त्यात कलेक्टर थॅकरे पडला. एका बाईचा दाखला द्यायला आमच्या मंडळींना दोनशे वर्षं मागं जावं लागलं, एवढंच. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, त्यांत बायका 23,772. शेकडा चार. "हुशार असतात, सापडत नाहीत," मास्तर म्हणाले.

जगात खून होणाऱ्या दर पाचांतले चार पुरुषच असतात आणि त्यांना मारणारेही बहुतेक पुरुषच. तेव्हा बायकांसाठी नको, निदान स्वतःच्या जिवासाठी तरी हा विषय काढा, अशी मी विनवणी केली. बिल कोण देणार, हा विषय निघाला.

वीरापूर ओणीतल्या त्या मुलीला धमकी आल्याचं पोलिसांच्या कानावर आधीच घातलं होतं, असं तिच्या आजीचं म्हणणं. बेंडिगेरी ठाण्याचा इन्स्पेक्टर निलंबित झाला. खून झाल्यावर.