बोर्डात न्यूट्रल नाही

जाहिरातीतल्या स्मार्ट घराला शेजारी नसतात, भिंतींना पोपडे नसतात आणि वायरमन तर कधीच लागत नाही. कुणीतरी सोफ्यावर लोळत नुसतं "लाइट" म्हणतं आणि लाइट लागतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत हेच करायचं म्हटलं, तर आधी वायरमन स्टुलावर चढतो, बोर्डाचे स्क्रू काढतो, आत टॉर्च मारतो आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणतो, "साहेब, यात न्यूट्रलच नाही."

त्याचं खरं असतं. पूर्वी फेज बटणातून फिरवून दिव्याकडे न्यायची आणि न्यूट्रल परस्पर वरूनच द्यायची, अशी पद्धत. तेवढीच वायर वाचायची. साधं बटण स्वतः काही खात नाही, त्याचं भागतं. स्मार्ट बटणाला मात्र रात्रंदिवस वायफायचा कानोसा घ्यायचा असतो. त्याला पोटापुरती वीज लागते. नवी वायर ओढावी, तर लाकडी पट्टीखालच्या जुन्या वायरींचं रबर हात लावताच भुगा होऊन पडतं. मग बिनन्यूट्रलचं बटण आणायचं. ते आपली भूक दिव्यातूनच भागवतं, बंद असतानाही किंचित करंट ओढत राहतं. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बाला त्याचा पत्ताही लागला नसता. आमचा पाच वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहिला. आईला ते फार आवडलं. "आता रात्री झीरोचा बल्ब वेगळा नको," म्हणाली. वायरमनने कपॅसिटर जोडून तो पुरता विझवला, तेव्हापासून ती त्याला चहा विचारत नाही.

वाड्यांबद्दल बोलायलाच नको. दोन फळ्यांचं दार आणि आतून अडसर, तिथे स्मार्ट कुलूप बसवायचं कशात?

कोकणात चिऱ्याची जाड भिंत आडवी येते. राउटर माजघरात, दिवा पडवीत, आणि दोघांची गाठ पडत नाही. पडलीच, तरी काका निजताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात, की स्मार्ट बल्ब ठार. पावसाळ्यात तर पहाटे कधीतरी गेलेली वीज परत येते आणि सेटिंग न बदललेले सगळे बल्ब एकदम लख्ख पेटतात. घरभर लोक उठून बसतात.

चाळीत सगळ्यात जास्त काम करतो तो घंटीतला कॅमेरा. दारासमोरून कुणी गेलं की तो मोबाइलवर वर्दी देतो. सामायिक गॅलरीत "कुणी" म्हणजे अख्खा मजला: दूधवाला, क्रिकेट खेळणारी पोरं, कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी. मी वर्दी बंदच करणार होतो. पण शेजारच्या काकूंनी त्याचा उपयोग शोधून काढला. परवा लोअर परळला मीटिंग चालू असताना फोन वाजला. पडद्यावर काकूंचा चेहरा, अगदी नाकासकट.

"नळ आलाय रे. किल्ली आहे माझ्याकडे, तुमचं पिंप भरून ठेवू का?"