इथे हात लावू नये

केर्न्स हे शहर समुद्राला चिकटून वसलेलं आहे, पण तिथे समुद्रात पोहता येत नाही. ओहोटी लागली की समोर लांबवर नुसता चिखल, आणि भरती आली की त्या पाण्यात मगर असण्याची शक्यता. म्हणून नगरपालिकेने अगदी काठावर खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधून दिला आहे. लोक त्यात डुंबतात आणि पलीकडच्या खऱ्या समुद्राकडे बघत बसतात. आमच्या सीएने तिथेच निकाल देऊन टाकला, "समुद्र ताळेबंदात दाखवायला आहे. खर्चायला नाही."

आम्ही चौघे सांगलीच्या एकाच वर्गातले. एक सीए. दुसरा डॉक्टर, पण दातांचा. गावाबाहेर पडला की शेवटचा शब्द गाळतो. तिसरा पंधरा-वीस वर्षांपासून मेलबर्नला असतो आणि त्यामुळे अख्खा ऑस्ट्रेलिया आपल्या सातबाऱ्यावर असल्यासारखा वागतो. वास्तविक मेलबर्नहून केर्न्स विमानानेही तीन तासांच्या पलीकडे, आणि हा आमच्याइतकाच तिथे पहिल्यांदा आलेला. चौथा मी. दिवाळीची सुट्टी साधून, मेलबर्नकराच्या घरच्या चकल्यांचा डबा घेऊन, केर्न्सहून उत्तरेला केप ट्रिब्युलेशनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि येताना ग्रेट बॅरिअर रीफ बघायची असा बेत होता. अंतर फार नाही, जेमतेम एकशे चाळीस किलोमीटर.

भाड्याच्या गाडीचा करारनामा सीएने काउंटरवर उभ्याउभ्या पूर्ण वाचला. मागे रांग लागली. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू नाही, हे कलम त्याने दोनदा वाचलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. त्या मानेचा अर्थ आम्हाला पुढे कळायचा होता.

रस्ता मात्र असा, की भाडं तिथेच वसूल व्हावं. 1933 साली तो खुला झाला, जागतिक मंदीच्या काळात. बेकार माणसांनी कुदळ-फावड्यांनी डोंगराची कड कापून काढलेला. डाव्या हाताला जंगलाने गच्च भरलेला डोंगर, उजव्या हाताला कोरल समुद्र, आणि मधे जेमतेम गाडीपुरती जागा.

"कोकणासारखंच आहे की," मेलबर्नकर म्हणाला.

"कोकणात पोहता येतं," डॉक्टर म्हणाला.

कारण एव्हाना पाट्या सुरू झाल्या होत्या. ओढा असो, खाडी असो, पुळण असो, पाण्याच्या तोंडाशी एक पिवळी पाटी. तिच्यावर जबडा वासलेली मगर आणि इंग्रजीत इशारा. खाली जर्मनमध्येसुद्धा 'आख्टुंग'. मराठीत काही नाही. मराठी माणूस पाटी वाचून थांबत नाही, हे तिथल्या सरकारला कुणी कळवलं असावं. मगर खाऱ्या पाण्यातली, नदीत, समुद्रात, कुठेही जाणारी. क्वीन्सलंडमध्ये 1974 पासून तिला कायद्याचं संरक्षण आहे. माणसासाठी मात्र पाटी.

पोर्ट डग्लसचा फोर माइल बीच बघून मेलबर्नकराचा धीर सुटला. पांढरी वाळू, माड, निळं पाणी. काठावर एका खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली. नोव्हेंबर ते मे हा जेलीफिशचा हंगाम. बॉक्स जेलीफिशचा फटका बसला तर हे व्हिनेगर ओतायचं. वेदना त्याने थांबत नाहीत. अंगाला चिकटलेल्या ज्या विषपेशी अजून फुटलेल्या नसतात, त्या फुटायच्या थांबतात. पोहणाऱ्यांसाठी पाण्यात जाळ्याचं कुंपण घातलेलं होतं. मेलबर्नकर ऐटीत त्यात उतरला. तो छातीभर पाण्यात गेल्यावर डॉक्टरने काठावरची पाटी मोठ्याने वाचायला घेतली, "हे जाळं मोठ्या जेलीफिशला अडवतं. इरुकांजी नावाची एक जात आहे, अंगठ्याच्या नखाएवढी. ती जाळ्यातून येऊ शकते." मेलबर्नकर ज्या वेगाने बाहेर आला, त्या वेगाने तो कॉलेजात शंभर मीटर धावला असता तर आज त्याला सरकारी नोकरी असती.

मॉसमन गाव लागलं आणि आम्ही चौघे एकदम गप्प झालो. दोन्ही बाजूंना ऊस. सांगलीचा माणूस हजारो मैल उडून जातो आणि समोर ऊस! उसाची रेल्वेसुद्धा होती, दोन फुटी रुळांवरची. पण मॉसमनचा कारखाना 2024 साली बंद पडला. 1897 साली पहिलं गाळप केलेला कारखाना, आणि आता रुळांवर गवत. पेट्रोल पंपावर एक शेतकरी भेटला. मेलबर्नकराने हवापाण्याचं बोलायला सुरुवात केली, तर सीएने मधेच विचारलं, "पेमेंट किती महिने थकलं होतं?" त्यानंतर ते दोघे अर्धा तास बोलत उभे होते. एफआरपी, म्हणजे आपल्याकडचा उसाचा किमान दर, हा काय प्रकार आहे ते सीएने त्याला समजावून सांगितलं. दर कायद्याने ठरतो हे ऐकून शेतकऱ्याला नवल वाटलं, आणि तो वेळेवर मिळतोच असं नाही हे ऐकून अजिबात वाटलं नाही.

याच उसापायी 1935 साली हवाईहून शंभरेक बेडूक आणले होते, उसाला लागणारे भुंगे खायला. बेडकांनी भुंगे सोडून बाकी सगळं खाल्लं, त्यांना खाणारे प्राणी विषाने मेले, आणि आता ते बेडूक खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचलेत. समिती नेमून केलेल्या कामाला जगात सगळीकडे अशीच फळं येतात.

मॉसमन गॉर्जमध्ये कुकू यलंजी समाजाचा वाटाड्या भेटला. या प्रदेशाचे मूळ मालक हेच. डेन्ट्री राष्ट्रीय उद्यान 2021 साली सरकारने रीतसर त्यांच्या हवाली केलं. त्याने आम्हाला एका झाडाची पानं दिली आणि ओल्या हातांनी चोळायला सांगितलं. रिठ्याचा यावा तसा फेस आला. सबंध सहलीत "हात लावा" असं आम्हाला कुणी म्हटलं ते एवढंच.

डेन्ट्री नदीवर पूल नाही. लोखंडी दोराने ओढली जाणारी फेरी गाड्या पलीकडे नेते, पाचेक मिनिटांत. पलीकडे सरकारी वीज जात नाही. ज्याची त्याची सौरऊर्जा नाहीतर जनरेटर. फोन तर अर्ध्या नदीतच मेले. त्याआधी बोटीतून मगर बघून घेतली. काठावर तोंड उघडं टाकून पडलेली. अंग थंड ठेवायला ती तोंड उघडते म्हणे. डॉक्टर पुढे वाकवाकून बघायला लागला, तसं नावाड्याने त्याला मागे ओढलं. मगरीचा दात पडला की खालून नवा येतो, जन्मभर येत राहतो, हे नावाडी सांगत होता. डॉक्टरचं तोंड उतरलं. "अशा तोंडाला माझा काय उपयोग?" तो म्हणाला. त्या दिवशी तो फारसा बोलला नाही.

नदीपलीकडचं जंगल जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांपैकी एक. 1988 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याला लागून असलेली ग्रेट बॅरिअर रीफ 1981 पासून त्याच यादीत. दोन वारसे एकमेकांना असे खेटून उभे असण्याचा योग दुर्मीळ. पण जंगलातही तीच तऱ्हा. एक बदामाच्या आकाराच्या पानांचं देखणं झाड आहे, जिम्पी-जिम्पी. त्याच्या पानांवरची काचेसारखी लव कातडीत घुसते आणि वेदना महिनोन्‌महिने जात नाहीत. एक वेत आहे, आपल्या शाळेतल्या वेताच्याच कुळातला. त्याचे आकडे सदऱ्यात अडकले की माणूस जागच्या जागी उभा राहतो. त्याचं स्थानिक नावच 'वेट-अ-व्हाइल', जरा थांबा. 1971 साली एका शेतकऱ्याची गुरं अचानक मेली. पोटात सापडलेल्या बियांवरून तपास लागला तो सपुष्प वनस्पतींच्या अतिशय जुन्या घराण्यातल्या एका झाडाचा. त्या फळाला इंग्रजीत 'इडियट फ्रूट' म्हणतात. मेलबर्नकराने ते उचलायला हात पुढे केला, तेव्हा आम्ही तिघांनी एकाच वेळी त्या फळाचं नाव घेतलं.

कॅसोवरी भेटायला हवा होता आणि नकोही होता. माणसाएवढा उंच पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगाचा तुरा, आणि पायाच्या आतल्या बोटाला खंजिरासारखं नख. रस्त्यात गतिरोधकाची पाटी आणि कॅसोवरीची पाटी एकाच खांबावर होत्या. कुणी टारगटाने गतिरोधकाच्या चित्राला पाय आणि चोच काढून त्याचा आडवा पडलेला कॅसोवरी करून टाकला आहे: आधी आणि नंतर! गाडी हळू चालवण्याचा याहून परिणामकारक उपदेश मी वाचलेला नाही.

आणि मग वळणावर तो खरंच आला, मागे पट्टेरी पिल्लं घेऊन. पिल्लं बाप सांभाळतो. आई अंडी घालून पुढच्या संसाराला निघून जाते. सीएच्या हातात चकली होती, काच खाली होती. पक्षी थांबला. त्याने चकलीकडे पाहिलं, मग सीएकडे. कॅसोवरीला खायला घालणं तिथे गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. सीएने चकली सावकाश स्वतःच्या तोंडात टाकली आणि न चावता तशीच धरून ठेवली. पक्षी पिल्लांसकट जंगलात शिरल्यावर मग कुरकुर ऐकू आली.

केप ट्रिब्युलेशनला डांबर संपतं. पुढे ब्लूमफिल्डचा कच्चा रस्ता, ज्याच्याविरुद्ध 1983 साली लोक बुलडोझरसमोर आडवे पडले होते. आम्हाला अडवायला एकटा सीए पुरला. टोकाला केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटांचं टोक, हे नाव दिलं कॅप्टन कुकने. 1770 च्या जूनमध्ये त्याचं एन्डेव्हर जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि त्याची साडेसाती सुरू झाली. वजन कमी करायला त्याने सहा तोफा समुद्रात टाकल्या. भोक बुजवायला शिडाला लोकर, दोराचा भुसा आणि शेण-लीद फासून ते बाहेरून जहाजाला गुंडाळलं, आणि जहाज तरलं! शेणाचं महत्त्व ब्रिटिशांना तेव्हाच पटलं होतं, हे मेलबर्नकराचं भाष्य. तोफा 1969 साली समुद्रतळाशी सापडल्या. "दोनशे वर्षं त्या कुठल्या खात्यात दाखवल्या असतील?" सीएला रात्री झोप लागली नाही.

रीफसाठी पोर्ट डग्लसला परत. जेलीफिशपासून बचाव म्हणून बोटीवर पायापासून डोक्यापर्यंतचे निळे लायक्राचे सूट देतात. चाळिशी ओलांडलेल्या चार मराठी पुरुषांनी त्यात कसं दिसावं याविषयी इथे न लिहिलेलं बरं. बोटीवर डोकी पुन्हापुन्हा मोजतात. 1998 साली एका बोटीने दोन पाणबुड्या प्रवाशांना मागे विसरून किनारा गाठला होता. ते परत मिळाले नाहीत. पाण्यात तोंड घातलं आणि पहिली पाच मिनिटं निराशाच झाली. जाहिरातीतले लालभडक रंग दिसत नाहीत, कारण पाणी लाल प्रकाश आधी गिळतं. बरंचसं जिवंत प्रवाळ तपकिरीच असतं. चुन्यासारखं पांढरं दिसलं तर ते आजारी. समुद्र तापला की आतलं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळाची उपासमार होते. 2016 पासून हे पुन्हापुन्हा झालं आहे. डोळे सरावले की मात्र गर्दी दिसते. विदूषकमाशांच्या घरात मादी कर्ती. ती गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. सीएने ही तरतूद अविभक्त कुटुंबाच्या कायद्यापेक्षा सुटसुटीत असल्याचं सांगितलं.

आणि पाण्याखाली कुरकुर ऐकू आली. पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडत होता. त्याचे दात एकमेकांत जुळून चोच झालेली, ते झिजतात आणि वाढत राहतात. खाल्लेल्या दगडाची तो वाळू करून मागे सोडतो. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो. ज्या पांढऱ्या वाळूवर लोक लोळतात, तिच्यातला बराच माल या मार्गाने आलेला. डॉक्टर त्या माशामागे तास-दीड तास पोहत राहिला. शेवटी डोकी मोजताना एक कमी भरलं ते त्याचंच.

जायचं असेल तर जून ते ऑक्टोबर जा. जेलीफिशचा आणि पावसाचा त्रास कमी. नदीपलीकडे एक तरी रात्र राहा, मॉसमनला टाकी भरून घ्या, आणि नोव्हेंबरात गेलात तर लायक्राला नाही म्हणू नका. गाडीचा करारनामा मात्र सहीच्या आधी वाचा. ब्लूमफिल्डच्या रस्त्यावर चाक फुटलं तर फोन लागत नाही.