फॉरमॅट मारावा लागेल!

घरच्या कॉम्प्युटरला काहीही होवो, निदान ठरलेलं असतं. प्रिंटर रुसला? फॉरमॅट. स्पीकर मुका झाला? फॉरमॅट. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपल्यापासून या औषधाला एक धाकटा भाऊ मिळालाय: 'नवीनच घेऊन टाका ना!'

शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर रोज सकाळी 2015 सालात जागा व्हायला लागला. बँकेची साइट उघडेना, ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणून अडून बसलेला. दुरुस्तीला आलेल्या पोराने खुर्चीत बसायच्या आत सांगितलं, 'व्हायरस आहे काका. फॉरमॅट मारू, 800 होतील.' कोपऱ्यातल्या घड्याळाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. संपला होता तो मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल, दहाच्या नाण्यापेक्षाही लहान. तो संपला की तारीख मागे जाते आणि आजच्या साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला अजून लागूच न झालेली वाटतात. सेल बदलला, काका वर्तमानात आले.

रॅम काढून खोडरबराने घासणाऱ्याला मात्र हसू नका. पट्ट्यांवरचा मळ निघतो आणि मशीन खरंच सुरू होतं.

अडचण अशी की हाताला गुण असलेला माणूस फोन उचलत नाही. उचलला तर 'संध्याकाळी येतो' म्हणतो. कुठल्या वाराच्या, ते विचारायचं नाही. पहिल्या रिंगला फोन उचलून 'सर, काळजी करू नका' म्हणणारा एकच: स्क्रीनवर अचानक आलेल्या लाल चौकटीतल्या नंबरवरचा भामटा. काय ती अदब! लांबून ताबा घ्यायचं अ‍ॅप टाकायला लावतो, विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडतो आणि लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवून घाम फोडतो. तसल्या खुणा धडधाकट मशीनवरही असतात, पण ते सांगणार कोण? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. पैसे गेलेच, तर बँकेला कळवा आणि सायबर हेल्पलाइनचा 1930 फिरवा. तिथे उशीर परवडत नाही.

बाकी माणूस पारखायचा तर तो आधी काय विचारतो ते ऐका. 'बॅकअप आहे का?' असं विचारून मगच स्क्रू ड्रायव्हर काढणारा भेटला, तर चहा पाजा, पैसे हातावर ठेवा आणि त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नका. परवापासून तोही फोन उचलायचा नाही.